बारशाआधीचं नाव

आमच्या लाखांदूरकडच्या माणसाला दोन नावं असतात. एक शाळेच्या दाखल्यावरचं आणि एक नर्सबाईंनी ठेवलेलं. दाखल्यावरच्या नावाला फार सोपस्कार. त्याला पाळणा लागतो, आत्या लागते, घुगऱ्या लागतात, गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया लागतात. नर्सबाईंच्या नावाला यातलं काहीच लागत नसे. बाळ जन्मलं की त्या ते पुसून घेत, उलटंसुलटं करून पाहत, त्याचं रडणं मान तिरपी करून ऐकत आणि कोर्टात निकाल द्यावा तशा सांगत, "हा गाद." किंवा, "हा आशेर." बाळंतीण बिचारी आधीच अर्धमेली, तिला वाटायचं, लेकराला कुठला तरी रोग निघाला. मग बाई समजूत घालत, "घाबरू नको, माय. बारशापर्यंत लेकरू बिननावाचं कायले ठेवाचं? हे माझं नाव आहे. बारशाले तुम्ही तुमचं ठेवा, माझं सोडून द्या." लोक सोडून देत. बाई मात्र सोडत नसत. मिशा पिकलेला धानाचा व्यापारी भर बाजारात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत असायचा, मागून "ए गाद" अशी हाक यायची आणि तो माणूस शाळेतल्या पोरासारखा गप्प होऊन वळायचा.

बाई मूळच्या केरळातल्या. त्यांच्या घरामागे म्हणे समुद्र होता. आमच्याकडे तलाव आहेत, तलावात शिंगाडे आणि म्हशी आहेत; समुद्राची हौस बाईंनी त्यावरच भागवून घेतली. ऐन तरुणपणी दिघोरीच्या दवाखान्यात नोकरीला लागल्या, तेव्हा सगळे धरून चालले होते की वर्षभरात बदली मागून घेतील. त्यांनी मागितली नाही, कुणी केली नाही. मराठी त्या शिकल्या ती बाळंतिणींकडून. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं त्यांच्या मराठीत किंकाळ्या, देवांची नावं आणि नवऱ्याला घातलेल्या शिव्या एवढंच भांडवल होतं. त्यावर त्या बाजारही करत. एका भाजीवालीनं वांग्याचा भाव जास्त सांगितला म्हणून त्यांनी तिला जे काही ऐकवलं होतं, ते ती भाजीवाली म्हातारपणीही पदर तोंडाला लावून सांगायची.

नावं मात्र त्यांनी आपल्या गावाकडूनच आणलेली. त्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, एका म्हाताऱ्या बापाला बारा मुलगे, त्या बारांचे बारा वंश, आणि प्रत्येक नावाला अर्थ. अर्थ सांगितल्याशिवाय बाई नाव देत नसत. घरातला पहिला मुलगा असला की रऊबेन, म्हणजे "पाहा, मुलगा झाला." लाथा झाडणारा तो गाद. दूध पिऊन मुकाट झोपणारा आशेर, म्हणजे सुखी जीव. आणि बन्यामीन म्हणजे सगळ्यांत धाकटा, बापाच्या उजव्या हाताचा, शेवटचा. हे शेवटचं नाव बाईंनी फार धूर्तपणे वापरलं. बाईमाणसाची प्रकृती आता पुढचं बाळंतपण सोसणार नाही असं दिसलं की त्या हातातल्या लेकराला बन्यामीन म्हणून मोकळ्या होत आणि नवऱ्याला बाहेर गाठून सांगत, "बन्यामीन झाला. आता पुढं नाही. ऑपरेशनची तारीख मी सांगीन." एका गावात बन्यामीनच्या पाठीवर आणखी एक भाऊ आला. बाईंनी त्या बापाला दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं करून विचारलं, "मी बन्यामीन म्हटलं होतं न? आता या लेकराले काय म्हणू?" त्या माणसानं ऑपरेशनची तारीख विचारली. पुढे हा शब्द इतका रुळला की आमच्या दुकानात एखाद्या साडीचा शेवटचा नग उरला की माझे वडील गिऱ्हाइकाला सांगायचे, "घेऊन टाका, बन्यामीन आहे."

बाईंची दुसरी खोड म्हणजे पापण्या. भेटल्यावर माणसं रामराम घालतात, बाई समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत पाहत. आतून लाल दिसलं तर पुढे बोलणं. पांढरं दिसलं तर बोलणं बंद, "रक्त नाही अंगात, पालक खा," आणि चालू लागत. लग्नात स्टेजवर चढून त्यांनी नवरदेवाची पापणी ओढलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. फोटोवाला खोळंबला होता. जवळच्या एका गावचे सरपंच बाईंच्या हातचे. अंगानं दांडगे म्हणून त्यांचं नाव इस्साखार. भर ग्रामसभेत बाई मागून विचारत, "इस्साखार, नाली कधी साफ करून राहिला?" निवडणुकीत विरोधकांनी बाईंकडून त्या नावाचा अर्थ काढून आणला. शास्त्रात इस्साखारला बळकट गाढव म्हटलं आहे, हे बाईंनी काहीही न लपवता सांगितलं. झालं, गावभर गाढव गाढव सुरू झालं. तेव्हा बाई स्वतः चौकात जाऊन म्हणाल्या, "गाढवच पाहिजे न तुमाले. ओझं कोण वाहीन? मोर?" सरपंच निवडून आले.

मुलींच्या बाबतीत मात्र बाईंचा हात आखडता होता. त्या बारा भावांना एकच बहीण, दीना. तिच्या नावानं वंश चालला नाही. म्हणून आमच्या तालुक्यातल्या सगळ्या मुली सरसकट दीना. कुणी कुरकुर केली की बाई म्हणत, "मी काय करू? पोरीले वंश नाही दिला. मी बी दीनाच हाव." हे त्या इतक्या सहज म्हणत की ऐकणारीला वाईट वाटायचं तेही घरी गेल्यावर.

माझं नाव नफताली. दुकानात बाहेर बोर्डावर दुसरं लिहिलेलं आहे, पण ते गिऱ्हाइकांसाठी. हे नाव बाईंनी साऱ्या नोकरीत एकट्या मला दिलं. मी जन्मताना अडलो होतो. आलो तो निळा पडलेला, रडेचना. बाईंनी चोळलं, फुंकर घातली, पाठीत चापट्या मारल्या, पुन्हा चोळलं. बाकीच्यांनी आशा सोडली तरी त्या हटल्या नाहीत. शेवटी मी रडलो, पण तोवर आईचं काही खरं राहिलं नव्हतं. तिला जीपमध्ये घालून भंडाऱ्याला नेलं, वडील बरोबर गेले. घरी दुसरं बाईमाणूस नव्हतं. मला बाईंनी आपल्या क्वार्टरमध्ये नेलं. नोकरीत पहिल्यांदा रजा टाकली, आणि आई बरी होऊन परत येईपर्यंत मला पदराखाली छातीशी धरून बसून राहिल्या. आई आली, मला घेऊन गेली. मग उशिरा का होईना, बारसं झालं, एकोडीहून माझी आत्या आली, तिनं कानात नाव सांगितलं. बाई दाराशी उभ्या होत्या. घुगऱ्या खाल्ल्या आणि दिघोरीला परत गेल्या.

नफताली म्हणजे "माझी झुंज". हा अर्थ आईच्या डोक्यात जायचा. "नऊ महिने मी वागवलं, मरता मरता मी वाचली, अन् झुंज हिची?" असं ती भांडी आपटत म्हणायची. पुढे बाई निवृत्त झाल्या आणि आमच्याच दुकानामागची खोली भाड्यानं घेऊन राहिल्या, तेव्हापासून हे भांडण रोजचं झालं. अर्थात दोघी एकमेकींशी भांडत नसत, दोघीही माझ्याशी भांडत. बाई गल्ल्यासमोर येऊन गिऱ्हाइकांदेखत म्हणत, "नफताली, परकराचं कापड दे," आणि आतून आईचा आवाज येई, "त्याले नाव आहे म्हणा, चांगलं बारशातलं." दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये उभं राहून कापड फाडणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यानंच जाणावं.

शाळेत असताना मी एकदा बाईंना विचारलं होतं, मुळातला नफताली कोण. त्या म्हणाल्या, "दोन बहिणी होत्या, एकाच नवऱ्याच्या. एकीले लेकरंच लेकरं, दुसरीले एक बी नाही. मंग दुसरीच्या दासीले पोरगं झालं. ते हिनं आपल्या मांडीवर घेतलं, म्हणे मी बहिणीसंग लई झुंजली अन् जिंकली. नाव ठेवलं नफताली. पोट दासीचं, नाव हिचं." मी विचारलं, "मग तो कोणाचा?" बाईंनी उत्तर देण्याऐवजी माझी पापणी ओढून पाहिली आणि मला घरी पाठवून दिलं.

आमच्याकडे बाईंच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं. रविवारी त्या खोलीबाहेर खुर्ची टाकून एकट्याच गाणी म्हणत. आई म्हणायची, "सूर कुठं अन् बाई कुठं." पण एखाद्या रविवारी गाणं ऐकू आलं नाही तर तीच मला पाठवायची, "पाहून ये जरा, ताप-बीप आला असन." नाताळला बाई कुकरमध्ये वाळू घालून केक करत आणि मंडपवाल्याकडून खुर्च्या आणून अंगणात मांडत. सगळे गाद, सगळे आशेर, सगळे रऊबेन यांना आधीच आमंत्रण गेलेलं असे. पण नाताळ येतो तो धान चुरायच्या दिवसांत. कुणी मळणीवर, कुणी विक्रीच्या रांगेत ट्रॅक्टर लावून बसलेला. एका वर्षी मी दुकान बंद करून गेलो तर साऱ्या अंगणात रिकाम्या खुर्च्या आणि मधल्या एका खुर्चीत नवी साडी नेसून बाई. मला पाहून म्हणाल्या, "सगळे धानात अडकले आहेत." मी केक खाल्ला. बाईंनी आणखी एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, मग म्हणाल्या, "इतकी नावं ठेवली, नफताली. बारशाच्या पुढं एक बी नाही गेलं. माझ्या तोंडात हायेत तोवर हायेत. एक टिकलं असतं त मले पुरलं असतं." दुसऱ्या दिवशी उरलेला केक पिशवीत घालून त्या घरोघर वाटत फिरल्या आणि ज्याच्या त्याच्या पापण्या पाहून आल्या.

त्यांचा एक भाचा होता, केरळात बँकेत नोकरीला. भला माणूस. दरवर्षी त्यांना न्यायला यायचा आणि दुकानात बसून माझ्याशी हिंदीत बोलायचा, "मावशींना आता एकटं ठेवणं बरं नाही." बाई त्याला दरवर्षी एकच सांगत, "नफतालीच्या घरी लेकरू व्हाचं आहे. ते झालं का येतो." आमच्या लग्नाला बरीच वर्षं होऊन घरात पाळणा नव्हता. बायको लाजून आत जायची, भाचा खाली पाहायचा, मी मीटर हातात घेऊन नसलेलं कापड मोजायचो. भाचा एकटाच परत जायचा. बाई काय थांबवून धरत होत्या, आमचं लेकरू की आपलं जाणं, हे मी कधी विचारलं नाही.

मग एकदाची ती वेळ आली. भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात मुलगी झाली. बाहेर बाकावर आई आणि बाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाळ बाहेर आणलं तशा बाई पुढे झाल्या, इवलीशी पापणी हलकेच ओढून पाहिली, पण नाव काही सांगितलं नाही. मीच म्हणालो, "दीना न, बाई?" त्यांनी मान हलवली. "थांब न. मले विचार करू दे." त्या पोरीला बारशापर्यंत बाईंनी कुठल्याच नावानं हाक मारली नाही. मला काळजी वाटायला लागली की म्हातारी आता नावंसुद्धा विसरत चालली.

मला सख्खी बहीण नाही, म्हणून बारशाला एकोडीची चुलतबहीण आत्या ठरली होती. भाचाही आलेला होता, परतीचं तिकीट काढूनच. गल्लीतल्या बाया जमल्या, पाळणा सजला, चुलतबहीण पदर खोचून पुढे सरसावली. बाई नेहमीसारख्या दाराशी उभ्या. तेवढ्यात पाळण्याची दोरी धरून बसलेली आई म्हणाली, "तू थांब वो जराशी. नर्सबाई, तुमी या इकडे. नाव तुमी ठेवा." सगळ्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. चुलतबहीण हसत म्हणाली, "काकू, त्या त तुमच्या वयाच्या. पोरीची आत्या कशा होतीन?" आई म्हणाली, "मी नातं लावून राहिली, वय नाही मोजून राहिली. या, बाई. पोरगं तुमीच दिलं होतं मले परत." चाळीस वर्षांत आईच्या तोंडून हे पहिल्यांदा निघालं, आणि तेही बाईंकडे न पाहता, पाळण्याकडे पाहत.

बाईंना चार पावलं चालायला फार वेळ लागला. त्या पाळण्यावर वाकल्या. आत्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि लगेच सरळ होते, बाई किती तरी वेळ पोरीच्या कानाशी काहीबाही बोलत राहिल्या. मग मान वर करून आम्ही ठरवलेलंच नाव त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "रेवा." रिवाजाप्रमाणे बायांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. आधी जरा जपून, मग हसत हसत, चांगले आवाज होतील असे. त्यातल्या निम्म्या बाया बाईंच्याच हाताखाली जन्मलेल्या, सगळ्या दीना. धपाटे थांबले, गाणं सुरू झालं, तरी बाई वाकलेल्याच. आई म्हणाली, "झालं, बाई, उठा आता." बाई तशाच म्हणाल्या, "आणखी एक-दोन मारू द्या न." आईनं दोरी सोडली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. धपाटा काही तिच्यानं मारवला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई भाच्याबरोबर केरळात गेल्या. शब्द दिला होता, लेकरू झालं की येईन; मोडायला आता काही निमित्त उरलं नव्हतं. एसटी स्टँडवर त्यांना पोचवायला आले तितके लोक मी मंत्र्यालाही पाहिले नाहीत. बाईंनी एकेकाची पापणी ओढून पाहिली. शेवटी कंडक्टरची पाहिली, त्याला पालक खायला सांगितलं आणि भाच्याचा हात धरून गाडीत चढल्या. दुकानामागची खोली मी अजून कुणाला दिलेली नाही. कापडाचे तागे ठेवायला लागते, असं मी लोकांना सांगतो. त्यांनी खोलीच्या दाराशी लावलेला कढीपत्ता मात्र आई रोज पाणी घालून जगवते आणि रोज म्हणते की या झाडानं जागा अडवली.

रविवारी त्यांचा फोन येतो. पूर्वीसारखं धडाधड बोलत नाहीत, शब्दासाठी मध्येच अडतात. मराठी बोलायला तिकडे आहे कोण? एकदा म्हणाल्या, "इथं आमच्या गल्लीत दोन बेंजामिन आहेत, म्हणजे बन्यामीनच, नफताली. एक रूबेन आहे, एक लेवी आहे. सगळ्याइचं नाव दाखल्यावरचं, खरंखुरं. मी हाक मारली का थांबतात बी. पण विचारतात, आंटी, तुमी कोणाकडे आल्या? माझा एक बी नाही त्याच्यात." मी काही तरी इकडचं तिकडचं बोललो. नंतर गिऱ्हाईक आलं तरी मला त्याला काय दाखवायचं ते सुचेना. खरं सांगायचं तर मलाही आता नफताली म्हणून हाक मारणारं गावात कुणी राहिलेलं नाही. नुसत्या दाखल्यावरच्या नावावर दिवस काढणं मला जमत नाही, हे मी कुणाला सांगणार.

पोरगी चालायला लागली तेव्हाची गोष्ट. आतून आईचा आवाज आला, "नफताली, माती नको खाऊ." मी चमकून उभा राहिलो, माती खाण्याचं माझं वय कधीच गेलं होतं. आत जाऊन पाहतो तो आई पोरीचं तोंड पुसत होती. मी विचारलं, हे काय नवीन. आई म्हणाली, "नवीन कायचं? आत्यानं कानात हेच नाव ठेवलं. मी दोरी धरून होती न, मले ऐकू आलं. म्हणे, पोरीले बी वंश असते, मी देतो, हे घे, तुझ्या बापाचं घे. रेवा त आपण ठेवलं. आत्यानं ठेवलेलं कसं मोडाचं?" एवढं बोलून ती कढीपत्त्याला पाणी घालायला गेली.

परवाच्या रविवारी फोन चालू होता. बाई तिकडच्या पावसाबद्दल काही सांगत होत्या, शब्द शोधत होत्या, आणि मागे अंगणात आई ओरडली, "नफताली, चप्पल घाल पायात." फोनवर बाई थांबल्या. मग विचारलं, "तुझी माय तुले बोलावून राहिली?"

"मले नाही, बाई. पोरीले. ती रोज तेच म्हणते. पोरगी बी त्याच नावानं ओ देते."

पलीकडे बाईंनी ते नाव एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "तिले इकडे घे. खालची पापणी ओढून पाह्य."

मी पोरीला कडेवर घेतलं आणि बाईंसारखाच अंगठा लावून पाहिलं. "लाल आहे, बाई."

"पालक खाते?"

"थुंकून टाकते."

"तिले म्हण," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा शब्द अडला. या वेळी तो त्यांना सापडला. "म्हण, आत्यानं खायले सांगितलं."